डिझाईन सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा लायसन्स मागतंय? रीइन्स्टॉल करण्याआधी हे तपासा

काल संध्याकाळी फाईल सेव्ह करून मशीन बंद केलं. आज सकाळी तेच सॉफ्टवेअर उघडलं तर स्प्लॅश स्क्रीन येते, क्षणभर रेंगाळते आणि ‘लायसन्स उपलब्ध नाही’ अशी चौकट समोर येते. पैसे भरलेले आहेत, मुदत संपलेली नाही, कुणी कशाला हात लावलेला नाही. निदान सगळे तसं सांगतात.

डिझाईनवाल्यांची मशीनं चालती ठेवणं हे माझं काम. कॅड असो, चित्रांचं असो, थ्रीडीचं असो, ही एक तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे की फोनवरच्या पहिल्या वाक्यावरूनच अर्धा अंदाज येतो. आणि बहुतेकदा त्या वाक्याचा शेवट असा असतो: ‘म्हणून आता सगळं काढून परत टाकतोय.’ तिथेच मी थांबवते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लायसन्स स्वतःहून क्वचितच बिघडतं. बदललेलं असतं ते त्याच्या आजूबाजूचं काहीतरी: घड्याळ, खातं, सर्व्हरपर्यंतचा रस्ता, नाहीतर मशीनची ओळख. रीइन्स्टॉल यातल्या कशालाच हात लावत नाही. वर एरर नंबर आणि लॉग पुसून टाकतं, आणि काही सॉफ्टवेअरांत एक ॲक्टिव्हेशन फुकट जातं ते वेगळंच.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कुठलं, ते आधी ठरवा. पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

- साइन-इन करता, पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुन्हा साइन-इनचीच चौकट येते. गोल गोल.
- सॉफ्टवेअर उघडतं, पण ट्रायलचे दिवस मोजायला लागतं.
- सकाळी नीट चालतं, दुपारी कधीतरी ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ म्हणून सेव्ह करायला सांगतं आणि बंद पडतं.
- मुख्य सॉफ्टवेअर चालतं, पण रेंडरिंगसारखं एखादं मॉड्यूल नकार देतं.
- उणे चिन्हाचा एखादा आकडा येतो: -४, -१५, -९७.
- ठरावीक वेळीच होतं. फक्त सोमवारी, फक्त सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर, फक्त घरून काम करताना.

शेवटचं लक्षण लोक सांगतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. बिघाड ‘काय’ आहे यापेक्षा ‘कधी’ होतो हे विचारा.

दुसरा प्रश्न: एकाच मशीनवर होतंय की सगळ्यांच्या? एकाच माणसाला की त्या मशीनवर बसेल त्या प्रत्येकाला? सगळ्यांचं बंद असेल तर तुमच्या मशीनवर तास घालवू नका, थेट सर्व्हरच्या भागाकडे जा. तोच माणूस दुसऱ्या मशीनवर बसला आणि तिथेही तेच झालं, तर भानगड खात्याची आहे, मशीनची नाही.

चौकट बंद करण्याआधी

एररच्या चौकटीचा फोटो काढा. मोबाईलने काढला तरी चालेल, पण आकडा वाचता आला पाहिजे. ‘काहीतरी लायसन्सचं येत होतं’ एवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही.

मग रिस्टार्ट. इथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तसेच उचलले जातात. अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून कुणी ‘दोनदा बंद करून चालू केलं हो’ म्हणालं तरी मी मेन्यूतला रिस्टार्ट हाच शब्द दाबायला लावते.

घड्याळ

फुकट आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी. तारीख, वेळ आणि टाइम झोन, तिन्ही बघा. वर्षही बघा, कोपऱ्यातले तास-मिनिटं बरोबर दिसतात म्हणून लोक पुढे बघत नाहीत.

घड्याळ का महत्त्वाचं? साइन-इन होताना तुमचं मशीन कंपनीच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतं, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीनला वाटत असेल की आपण पाच वर्षं मागे आहोत, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. दुसरं, लायसन्सच्या मुदतीशी खेळ होऊ नये म्हणून बरीच सॉफ्टवेअरं घड्याळ मागे नेलंय का हे बघतात. फ्लेक्सनेट या लायसन्स पद्धतीत, जिला जुने लोक अजून फ्लेक्सएलएम म्हणतात, त्यासाठी -८८ हा वेगळा एरर आहे. क्लायंट (म्हणजे लायसन्स मागणारं तुमचं मशीन) आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत जास्त अंतर पडलं तर -३४.

एका ऑफिसात हे मी जवळून पाहिलं. दर सोमवारी एकाच मशीनवर लायसन्स जायचं. दर सोमवारी तिथला मुलगा रीइन्स्टॉल लावायचा, तासाभराने सगळं सुरळीत, आणि ‘रीइन्स्टॉल केलं की बरं होतं’ हा समज पक्का. मी एका सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मशीन चालू केलं तर तारीख बऱ्याच वर्षांपूर्वीची. रीइन्स्टॉल चालू असताना त्याचं ईमेल उघडेना, म्हणून त्याने सवयीने तारीख हाताने नीट केली, आणि अर्थातच त्यानंतर लायसन्सही मिळालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडत होती.

मूळ कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२ या नंबरची, ३ व्होल्टची असते. प्लगमध्ये वीज असेपर्यंत मशीन बंद असलं तरी घड्याळ त्या विजेवर चालतं. तिथे शनिवारी निघताना मेन स्विच बंद करायची पद्धत होती, त्यामुळे दोन रात्री घड्याळ पूर्णपणे त्या मेलेल्या बॅटरीवर. रोज रात्री मात्र फक्त मशीन बंद व्हायचं, स्विच चालू राहायचा; म्हणून मंगळवार ते शनिवार काही बिघडत नव्हतं.

बॅटरी बदलायला सोपी आहे, पण बदलताना बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमची, सेटिंग्ज मूळ अवस्थेला जाऊ शकतात. डिस्कच्या मोडचा आणि बूटच्या क्रमाचा फोटो आधी काढून ठेवा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय झाकण उघडू नका. लॅपटॉप असेल तर तो दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या, त्यात ही बॅटरी कुठे आणि कशी बसवलीय याचा नेम नसतो.

आणि हो, एखादी फाईल किंवा ट्रायल तपासायला कुणी मुद्दाम तारीख पुढे नेली असेल तर तेही विचारून घ्या. तारीख परत आणली तरी त्या काळात तयार झालेल्या फाईलींवर भविष्यातली तारीख राहते, आणि लायसन्स व्यवस्थेला वाटतं की घड्याळ मागे फिरवलंय.

खातं

सदस्यत्वावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रायलचे दिवस दिसायला लागले की माझा पहिला संशय चुकीच्या खात्यावर जातो. एकाच ईमेलखाली वैयक्तिक आणि कंपनीचं अशी दोन प्रोफाईलं असू शकतात. ॲडोबीत तर साइन-इन करताना तसं विचारतातही, आणि घाईत लोक वरचं पहिलं दाबतात. लायसन्स कंपनीच्या प्रोफाईलमध्ये, माणूस वैयक्तिकमध्ये; मग ट्रायलच दिसणार.

वेबसाईटवर खातं उघडून बघा: सदस्यत्व चालू आहे का, आणि तुमच्या नावावर सीट, म्हणजे एका माणसाने वापरायची जागा, दिलेली आहे का. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नूतनीकरण झालं म्हणजे सीट आपोआप तुमच्याकडे राहीलच असं नाही. नवीन करार वेगळ्या क्रमांकाने आला, तर ॲडमिनला माणसं पुन्हा नेमावी लागतात. ऑटोडेस्कने २०२० साली नेटवर्क लायसन्सांकडून (ऑफिसचा सर्व्हर मागेल त्याला वाटतो ती) एकेकाच्या नावावरच्या लायसन्सांकडे मोर्चा वळवला, तेव्हापासून ‘पैसे भरलेत पण सीट नेमलेली नाही’ हा प्रकार मला कितीतरी जास्त दिसतो.

मशीनची संख्या हीदेखील एक मर्यादा असते. ॲडोबीचं वैयक्तिक सदस्यत्व दोन कॉम्प्युटरांवर ॲक्टिव्हेट होतं. तिसऱ्यावर गेलात की आधीच्यावरून बाहेर पडावं लागतं. विकलेल्या, फॉरमॅट केलेल्या मशीनची जागा अजून अडलेली असू शकते. ती खात्याच्या पानावरून मोकळी करता येते.

यात काही चुकीचं सापडलं तर सॉफ्टवेअरमधून साइन-आऊट करा, रिस्टार्ट करा, बरोबर प्रोफाईलने परत या. नुसती खिडकी बंद करून उघडणं म्हणजे साइन-आऊट नव्हे.

इंटरनेटशिवाय काम करणाऱ्यांसाठी एवढंच: सदस्यत्वाचं सॉफ्टवेअर ठरावीक दिवसांनी ‘मालक अजून तोच आहे ना’ असं विचारायला बाहेर जातं. ऑटोडेस्कमध्ये ३० दिवस. ॲडोबीच्या वार्षिक सदस्यत्वात ९९ दिवसांपर्यंत आणि मासिकात ३०. साइटवर महिनाभर ऑफलाइन राहिलेला लॅपटॉप परत आल्यावर रुसतो तो याचमुळे. नेटला जोडा, साइन-इन करा, संपलं.

मोबाईलचा हॉटस्पॉट

माझी आवडती चाचणी, कारण ती वादच मिटवते. मशीन ऑफिसच्या नेटवरून काढा, मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि साइन-इन करून बघा. चाललं, तर सॉफ्टवेअर, खातं आणि मशीन तिन्ही निर्दोष. अडथळा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे. मग प्रॉक्सी, व्हीपीएन, फायरवॉल यांच्याकडे बोट दाखवायला हातात पुरावा असतो. (सर्व्हरवरून मिळणाऱ्या नेटवर्क लायसन्सला ही चाचणी लागू नाही, तो सर्व्हर ऑफिसच्या आतच असतो.)

काही ऑफिसांत फायरवॉल येणारी-जाणारी सुरक्षित वाहतूक मधे उघडून तपासते आणि स्वतःचं प्रमाणपत्र लावून पुढे पाठवते. ब्राउझरला ते चालतं, कारण त्याला तसं शिकवलेलं असतं. लायसन्स व्यवस्था मात्र अनोळखी सही पाहून माघारी फिरते. ‘ब्राउझरमध्ये साइट उघडते, मग नेट ठीकच आहे’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. सॉफ्टवेअर कंपन्या आपल्या लायसन्स सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी प्रसिद्ध करतात. ते पत्ते या तपासणीतून वगळायला नेटवर्कवाल्यांना सांगायचं. सगळी फायरवॉल बंद करून बसू नका.

हॉटस्पॉटवरही चाललं नाही, तर होस्ट्स फाईल बघा.

होस्ट्स फाईल

विंडोज फोल्डरच्या आत सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे ‘होस्ट्स’ नावाची, पुढे काहीही एक्स्टेन्शन नसलेली फाईल. नोटपॅड ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं उघडून त्यात ती फाईल उघडा. हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे नुसत्या टिपा. तुम्ही शोधायची ती १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० ने सुरू होणारी आणि पुढे सॉफ्टवेअर कंपनीचा पत्ता असलेली ओळ. तिचा अर्थ असा की त्या कंपनीकडे जाणारा निरोप बाहेर न जाता मशीनच्याच दारात परत येतो.

या ओळी कुठून येतात हे सांगताना लोक खाली बघतात. मशीनवर पूर्वी कधीतरी क्रॅक केलेली प्रत होती. तिने कंपनीशी बोलणं बंद पाडायला या ओळी घातल्या. पुढे रीतसर लायसन्स घेतलं, जुनी प्रत काढली, ओळी मात्र राहिल्या. आता खरं लायसन्सही कंपनीपर्यंत पोचत नाही. फाईलची एक प्रत बाजूला ठेवा, तेवढ्याच ओळी काढा, सेव्ह करा, रिस्टार्ट करा. ऑफिसच्या सर्व्हरचं नाव असलेली एखादी ओळ तिथे मुद्दाम घातलेली असू शकते, तिला हात लावू नका. आणि त्या क्रॅकने होस्ट्सशिवाय आणखी काय काय केलंय ते कळायला मार्ग नसतो. अशा मशीनवर माझं मत सरळ विंडोज नव्याने टाकावं असंच आहे. या पोस्टमध्ये मी सरळ रीइन्स्टॉलच्या बाजूने बोलते ते एवढ्याच ठिकाणी; बाकी सगळीकडे तो शेवटचा उपाय.

लायसन्सची सर्व्हिस

विंडोजच्या सर्व्हिसेसच्या (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या) यादीत तुमच्या सॉफ्टवेअरची लायसन्सिंग सर्व्हिस शोधा. ऑटोडेस्कच्या २०२० आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘ऑटोडेस्क डेस्कटॉप लायसन्सिंग सर्व्हिस’ असते, इतर बऱ्याच ठिकाणी ‘फ्लेक्सनेट लायसन्सिंग सर्व्हिस’. ती ‘रनिंग’ दिसली पाहिजे आणि सुरू होण्याचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’. थांबलेली असेल तर सुरू करा.

सुरू केली आणि उद्या पुन्हा थांबलेली मिळाली, तर तिला कुणीतरी थांबवतंय. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघा. नाहीतर ‘पीसी वेगवान करा’ छापाचं एखादं ऑप्टिमायझर, जे ‘अनावश्यक’ सर्व्हिसेस बंद करण्याची फुशारकी मारतं. ते काढून टाका, माझ्याकडून खुशाल शिव्या द्या.

नेटवर्क लायसन्स: दोन दारांची गोष्ट

इथून पुढचं ज्यांच्या ऑफिसात लायसन्स सर्व्हर आहे त्यांच्यासाठी. आधी आकडे. फ्लेक्सनेटमध्ये नेहमी भेटणारे हे:

- -४: सगळ्या सीटा वापरात आहेत. काही बिघडलेलं नाही, रांग आहे.
- -५ आणि -१८: मागितलेलं फीचर फाईलमध्ये किंवा सर्व्हरवर नाही. बहुतेकदा आवृत्ती बदलली, पण लायसन्स फाईल जुनीच राहिली.
- -८: फाईलमधली सही जुळत नाही. कुणीतरी फाईल हाताने बदलली किंवा कॉपी करताना मोडली.
- -९: फाईलमधली मशीनची ओळख आणि प्रत्यक्ष मशीन जुळत नाही.
- -१०: मुदत संपली.
- -१५: सर्व्हरशी संपर्कच होत नाही.
- -९६: सर्व्हरचं मशीन बंद, नाहीतर त्याचं नाव सापडत नाही.
- -९७: सर्व्हर आहे, पण कंपनीचा व्हेंडर डीमन, म्हणजे त्यावरचा लायसन्स देणारा प्रोग्रॅम, बंद आहे.

-१५ आला की आधी सर्व्हरला नावाने पिंग करा (‘आहेस का’ असं विचारणारी आज्ञा), मग आयपी पत्त्याने. पत्त्याने उत्तर येतं आणि नावाने येत नाही, तर नावाचा पत्ता शोधणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, चुकतेय. दोन्ही चालतं आणि तरीही -१५, तर भानगड पोर्टची, म्हणजे प्रोग्रॅम ज्या क्रमांकाच्या खिडकीवर बसतो तिची.

हीच ती माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारी तक्रार: ‘सर्व्हर रिस्टार्ट झाला की लायसन्स बंद. कधी आपोआप चालू होतं, कधी नाही.’ लायसन्स सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात. पहिला दारवान, एलएमजीआरडी. तो साधारणपणे २७००० ते २७००९ यांतल्या एका पोर्टवर बसतो. क्लायंट आधी त्याला भेटतो. तो म्हणतो, ‘तुमच्या कंपनीचा माणूस आत अमुक खिडकीवर आहे, तिकडे जा.’ तो आतला माणूस म्हणजे व्हेंडर डीमन, आणि लायसन्स तोच देतो. आता लायसन्स फाईलमध्ये त्याची खिडकी ठरवून दिलेली नसेल, तर दर वेळी सुरू होताना तो मिळेल त्या पोर्टवर बसतो. फायरवॉलमध्ये दारवानाचं पोर्ट उघडलेलं असतं, आतल्या माणसाचं जुनं पोर्ट कुणीतरी कधीतरी उघडलेलं असतं. रिस्टार्ट झाला, तो भलत्याच पोर्टवर बसला आणि सगळे बाहेर अडकले.

उपाय एका शब्दाचा आहे. लायसन्स फाईलमध्ये ‘व्हेंडर’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पोर्ट ठरवून द्यायचं आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडायचे. ऑटोडेस्कसाठी डीमनचं पोर्ट रूढीने २०८०. सॉलिडवर्क्सचा स्वतःचा जोड २५७३४ आणि २५७३५. मग सर्व्हर मुद्दाम दोनदा रिस्टार्ट करून, दोन्ही वेळा क्लायंटवरून पोर्ट लागतोय का बघायचं. पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिला की हो किंवा नाही सांगते. मी दोनदा म्हणते, कारण एकदा रिस्टार्ट करून चाललं हे नशिबानेही होऊ शकतं.

फाईलला हात लावताना एवढं पक्कं लक्षात ठेवा: सर्व्हरचं नाव आणि पोर्ट बदलता येतात. होस्ट आयडी (मशीनची ओळख), सीटांची संख्या, मुदत, फीचरांची नावं यांतलं एक अक्षर जरी बदललं तरी सही मोडते आणि -८ येतो. आणि फाईल नोटपॅडमध्येच उघडा. वर्ड प्रोसेसरमध्ये उघडून सेव्ह केलेली फाईल मी एकदा अर्धा दिवस बघत बसले होते. सगळं जागच्या जागी, फक्त सरळ अवतरण चिन्हं त्याने कुरळी करून ठेवली होती.

-४ वारंवार येत असेल तर लगेच जास्त सीटा घेऊ नका. एलएमटूल्स या लायसन्स सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्रॅममधून सर्व्हरची स्थिती मागवली की कोणती सीट कुणाकडे, कुठल्या मशीनवर आणि कधीपासून आहे हे दिसतं. सर्व्हरच्या डीबग लॉगमध्ये ‘आऊट’, ‘इन’ आणि ‘डिनाइड’ अशा नोंदी असतात. ‘आऊट’ सकाळी नऊला आणि ‘इन’ रात्री दहाला असणारी नावं बघा. बऱ्याचदा कुणीतरी सॉफ्टवेअर उघडं ठेवून दिवसभर मीटिंगांत असतो. सर्व्हरवरच्या ऑप्शन्स फाईलमध्ये (सीटा वाटायचे नियम असलेली) टाइमआऊट घातला की निष्क्रिय सीट परत येते. तो सेकंदांत लिहायचा असतो. मिनिटं समजून ३० लिहिणारे मला दोन भेटलेत.

घरून, व्हीपीएनवरून काम करताना -१५ येतो आणि ऑफिसात येत नाही, तर क्लायंट उत्तराची पुरेशी वाट न बघता सोडून देतोय का ते बघा. क्लायंटवर ‘फ्लेक्सएलएम टाइमआऊट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सॉफ्टवेअरं वाचतात ती विंडोजमधली एक नोंद) ५०००००० असं ठेवतात. हा आकडा मायक्रोसेकंदांत आहे, म्हणजे पाच सेकंद. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघडलेच आहेत, तर तिथे जुन्या, कधीच बंद झालेल्या सर्व्हरचं नाव पहिलं लिहिलेलं नाही ना तेही बघून घ्या. असेल, तर सॉफ्टवेअर दर वेळी आधी त्या मेलेल्या दारावर थाप मारत बसतं.

राहिला -९. होस्ट आयडी म्हणजे साधारणपणे नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, बारा अक्षर-आकड्यांचा. कार्ड बदललं, यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर काढलं, किंवा व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवलं की तो बदलतो. व्हर्च्युअल मशीन असेल तर मॅक पत्ता ‘डायनॅमिक’वरून ‘स्टॅटिक’ करा, नाहीतर हा एरर परत येणार. कार्डच मेलं असेल तर कंपनीकडून नव्या ओळखीची फाईल घ्यावी लागते. मॅक पत्ता खोटा दाखवायच्या युक्त्या सुचवणारे भेटतील. करारभंग कशाला ओढवून घ्यायचा.

आतल्या फाईली आणि शेवटी रीइन्स्टॉल

इथवर काहीच सापडलं नाही तर मशीनवर साठवलेली लायसन्सची माहिती खराब झाली असू शकते. अचानक वीज जाणं, डिस्क भरणं किंवा जुन्या डिस्कचं क्लोन करून नव्या एसएसडीवर टाकणं ही नेहमीची कारणं. क्लोन फसवं असतं: सगळ्या फाईली जशाच्या तशा येतात, पण डिस्क वेगळी हे लायसन्सला कळतं. ज्या सॉफ्टवेअरला डीॲक्टिव्हेट करायची सोय आहे, तिथे डिस्क बदलण्याआधी ते करायचं, नंतर नाही.

ही माहिती नव्याने बनवायची कृती प्रत्येक कंपनीच्या मदतीच्या पानावर असते. तीच, तुमच्याच आवृत्तीसाठीची वापरा. माझा नियम एवढाच की फोल्डर डिलीट करायचं नाही, त्याचं नाव बदलायचं. अपयश आलं तर परत येता येतं. शेजारच्या चालू मशीनवरून ते फोल्डर उचलून आणू नका. ती माहिती त्या मशीनशी बांधलेली असते.

त्यानंतरच रीइन्स्टॉल. आधी डीॲक्टिव्हेट, मग कंपनीच्याच अनइन्स्टॉल किंवा क्लीनर टूलने काढणं, रिस्टार्ट, मग नवी प्रत. ब्रश, टेम्पलेट, शॉर्टकट, प्लगइन यांची प्रत आधी बाजूला काढा. लायसन्स परत आलं आणि दहा वर्षांचे ब्रश गेले, असं रडणं मी ऐकलेलं आहे.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः उघडझाप करणं थांबवून फोन उचला.

‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’ असं आलं, तर तो आकडा कंपनीच्याच हातात आहे; पुन्हा पुन्हा बटण दाबून काही होत नाही. -८ येतोय आणि कंपनीकडून आलेली मूळ, न उघडलेली फाईल टाकूनही येतोय, तर फाईल नवी मागवा. ऑफिसची मशीनं डोमेनवर, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात, असतील आणि सगळ्यांची घड्याळं एकसारखी चुकत असतील, तर चुकीची वेळ त्या सर्व्हरकडून, म्हणजे डोमेन कंट्रोलरकडून, येतेय. एकेक मशीन नीट करून ती पुन्हा बिघडणार, सिस्टम ॲडमिनला गाठा. फायरवॉल तुमच्या ताब्यात नसेल तर तिच्याशी झटापट करू नका. डिस्क खडखडत असेल, फाईली उघडायला वेळ लागत असेल, तर लायसन्स विसरा आणि आधी काम दुसरीकडे कॉपी करून डिस्कवाल्याला बोलवा. खूप जुनी, एकदाच विकत घेतलेली आवृत्ती असेल आणि तिचा ॲक्टिव्हेशन सर्व्हरच कंपनीने बंद केला असेल, तर तुमच्या मशीनवर करण्यासारखं काही उरलेलं नाही. कंपनीकडे पर्याय मागा.

आणि उद्या सकाळी काम द्यायचं असेल, तर आज रात्री दुरुस्ती करू नका. रिकाम्या मशीनवर बसा, स्वतःच्या नावाने साइन-इन करा, काम संपवा.

सपोर्टचा नंबर कंपनीच्या वेबसाईटवर खात्यात शिरून घ्या. सर्चमध्ये वर आलेल्या नंबरवर फोन करून, मशीनचा ताबा आणि ओटीपी देऊन बसलेले लोक मला भेटलेत. फोन करताना हे जवळ असू द्या: सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती आणि अपडेट क्रमांक, एररचा फोटो, विंडोजची आवृत्ती, नेटवर्क लायसन्स असेल तर सर्व्हरचा होस्ट आयडी आणि डीबग लॉगमधल्या शेवटच्या पन्नासेक ओळी. सीरियल नंबर आणि लायसन्स फाईल फक्त कंपनीच्या सपोर्टला द्या, ग्रुपवर टाकू नका. आणि वरचं काय काय तपासून झालंय ते क्रमाने सांगा, नाहीतर पलीकडचा माणूस पहिल्याच मिनिटाला म्हणेल, ‘एकदा रीइन्स्टॉल करून बघा.’